तिथीचा पाऊणपट

अलिबागकराला कुलाबा किल्ल्यात जाणं म्हणजे परसदारी जाऊन येण्यासारखं. ओहोटीला चालत जायचं आणि भरतीच्या आत परतायचं, एवढं मला लग्न होऊन इथे आल्यापासून माहीत होतं. ओहोटी नेमकी कधी संपते आणि भरती कशी चढते, हे मात्र कधी कुणाला विचारलं नव्हतं.

पंधरा वर्षांपूर्वीचा एक रविवार. नणंद माहेरपणाला आली होती. सकाळी साडेआठला आम्ही दोघी वाळूतून चालत किल्ल्यात गेलो. घोटाभर पाणीसुद्धा लागलं नाही. सिद्धिविनायकाचं दर्शन घेतलं, पुष्करणीच्या काठावर बसलो. समुद्राच्या पोटात असूनही किल्ल्यातल्या विहिरीचं पाणी गोडं आहे, ते प्यायलो. मग तटावरून फिरत सर्जेकोटाच्या बाजूला जाऊन गप्पा मारत बसलो. बाहेर पडलो तेव्हा साडेअकरा वाजले होते.

किल्ल्याच्या दारापाशी पाणी गुडघ्याच्याही खाली होतं, म्हणून निघालो. मधल्या खोलगट पट्ट्यात आल्यावर ते कमरेला लागलं आणि पुढच्या वीस पावलांत छातीला. नुसतं चढत नव्हतं, आडवं ओढतही होतं. पाय टेकवला की त्याच्याखालची वाळू सरकायची. सलवार पायांना गुंडाळली गेली. नणंदेला पोहता येत नव्हतं. तिने माझा दंड धरला होता, त्याचे वळ मला दोन दिवस दिसत होते. मागून एका घोडागाडीवाल्याने आम्हाला पाहिलं आणि गाडी वळवून आमच्याकडे आणली. किनाऱ्याला उतरवलं तेव्हा त्याने पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाला, “ताई, घरी जा आता.”

संध्याकाळी ही गोष्ट शेजारच्या तांडेलकाकांच्या कानावर गेली. काकांचं उभं आयुष्य होडीवर गेलं होतं. तेव्हा ते जाळी विणत ओट्यावर बसायचे. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. विचारलं, “तिथी काय होती आज?”

मला सांगता येईना. भिंतीवरचं कालनिर्णय काढून बघितलं. तृतीया.

“तीनाची पाऊणपट किती?”

“सव्वादोन.”

“मग सव्वादोनला पाणी भरलं. त्याच्या सहा तास मागं जा. सव्वाआठला तळाला होतं. तुम्ही साडेआठला गेलात म्हणजे पाणी फिरल्यावर गेलात आणि साडेअकराला निघालात.”

हा पाऊणपटाचा हिशेब आमच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते, म्हणून हा ठोकताळा बसतो. मिनिटाला तंतोतंत नसतो, पण पाऊल टाकायचं की नाही हे ठरवायला पुरतो. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण. तेव्हा ओहोटीला पाणी लांबवर मागे जातं आणि भरतीला तितकंच वर चढून येतं. अष्टमीच्या आसपास भांग; तेव्हा धड ओहोटी नाही आणि धड भरती नाही.

काकांनी त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त मोलाची वाटते. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढणीचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा तीन. नंतर दोन आणि एक. म्हणजे पहिल्या तासात समुद्र जागचा हलला नाही असं वाटतं आणि माणूस निर्धास्त होतो. आम्ही निघालो तो नेमका चौथा तास होता.

त्या दिवसानंतर मी समुद्रापासून लांब राहायला लागेन, असं घरच्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. माझं शिवणकामाचं दुकान आहे, रविवारी बंद असतं. मी पहाटे उठून चालायला जाऊ लागले आणि नणंद पेणहून पहिल्या एसटीने येऊ लागली. आधी अलिबाग ते अक्षी, मग नागाव, मग थेट रेवदंडा. अक्षीचा शिलालेख शके ९३४चा, म्हणजे इसवी सन १०१२चा, मराठीतल्या आद्य लेखांत गणला जाणारा. इतकी वर्षं त्याच्या जवळून रिक्षाने गेले होते. चालत गेले तेव्हा प्रथम त्याच्यासमोर उभी राहिले. पुढे कोर्लई, काशीद, मुरूड असे दोन-दोन दिवसांचे टप्पे केले. राजपुरीहून होडीने दिघीला उतरून दिवेआगर आणि श्रीवर्धनही झालं. दरवेळी निघायच्या आधी तिथी बघायची, पाऊणपट करायची, पाटीवर लिहायची. दुकानात गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर माझी भरती-ओहोटीची कोष्टकं आहेत.

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा, असं शाळेत पाठ केलं होतं. तो सगळा चालायचा असं काही मनात नव्हतं. पण २०२३च्या दिवाळीत नणंद म्हणाली, “वहिनी, एकदा घरी परत न येता चालत राहू या.” मला ती कल्पना फार आवडली. हरिहरेश्वर ते गुहागर, सात दिवस, असं ठरलं.

तारीख ठरवायला आम्हाला कुणाच्या सुट्ट्या विचाराव्या लागल्या नाहीत, चंद्रालाच विचारलं. चालायला उत्तम ती ओहोटीची ओली, घट्ट वाळू. पाऊल रुतत नाही आणि पाठीवरचं ओझं निम्मं वाटतं. पण ही ओहोटी सकाळी उन्हाच्या आधी हवी. पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला पाऊणला भरती, म्हणजे पावणेसातला ओहोटी. द्वितीयेला साडेसात, तृतीयेला सव्वाआठ. चार-पाच दिवस समुद्र सकाळचा रस्ता मोकळा करून देतो, मग ऊन गाठतं. २०२४ची माघ पौर्णिमा २४ फेब्रुवारीला होती. २५ला पहाटे हरिहरेश्वरला असायचं, एवढं ठरल्यावर बाकी सगळं आपोआप रांगेत बसलं. काकांनी बजावलं होतं की दक्षिणेकडे पाणी थोडं आधी फिरतं, त्यामुळे हिशेबातून अर्धा तास सोडून द्यायचा.

पाठपिशव्या विकतच्या होत्या, पण आतल्या छोट्या पिशव्या मी छत्रीच्या कापडाच्या शिवल्या, तोंडाला दुमड घालून नाडीच्या. कपडे, फोन, औषधं त्यात. एकेकीचं ओझं सात किलोच्या आत ठेवलं आणि त्यातलं तीन किलो पाणीच. लिमलेटच्या गोळ्या, मीठ-साखर, गूळ-शेंगदाणे. खोबरेल तेलाची बाटली विसरू नका, असं मी प्रत्येकीला सांगते. खारं पाणी वाळलं की कपडा सुरीसारखा होतो आणि मांड्यांची सालटं निघतात. रोज सकाळी तेल चोपडलं तरच निभावतं. रात्री मुक्काम घरगुती, फोन करून ठरवलेले. तंबू घेतला नाही. कोकणात गावागावांत पडवी असताना तंबूचं ओझं का वाहायचं, हे माझं मत आजही कायम आहे.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ही सुरुवात म्हणून मुद्दाम ठरवली होती. कातळाच्या चिरेतून पायऱ्या खाली उतरतात आणि लाटांनी जाळीसारख्या कोरलेल्या खडकांवरून वाट डोंगराला वळसा घालते. ती फक्त ओहोटीची वाट. तिथे लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत, हे तिथला प्रत्येकजण सांगतो. आम्ही उजाडता उजाडता उतरलो. खाली समुद्र लांब गेला होता, खडकांच्या खळग्यांत राहिलेल्या पाण्यात आभाळ फुटायला लागलं होतं. कुलाब्यानंतर पहिल्यांदाच मला पाण्याच्या इतक्या जवळ उभं राहून छातीत धडधडलं नाही.

बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो. रायगड जिल्हा मागे पडला, रत्नागिरी सुरू झाला. बाणकोटवरून दुपारी वेळास.

वेळास नाना फडणवीसांचं गाव, पण आता लोक तिथे येतात ते कासवांसाठी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. मादी रात्री येऊन वाळूत शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ती अंडी माणसं आणि कोल्ही-कुत्री पळवायची. आता ती कुंपणाच्या आत नव्या खड्ड्यात पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलली तेव्हा खाली सहा पिल्लं होती, तळहाताच्या निम्म्याने. त्यांना पाण्यात नेऊन टाकत नाहीत. वाळूवर सोडतात आणि समुद्रापर्यंत त्यांची त्यांना चालू देतात. दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे गुपचूप बसलेलो. पहिल्या लाटेने एक पिल्लू उलटून मागे फेकलं. ते परत सरळ झालं आणि परत निघालं. नणंद रडत होती. मीही.

वेळासहून केळशीचा रस्ता सड्यावरचा. वाळलेलं गवत, काळा पडलेला कातळ, सावली नावाला नाही. भारजेची खाडी लागली तेव्हा खाली उतरलो. केळशीत मात्र शिरलं की सगळं बदलतं. जांभ्याच्या पाखाड्या, दोन्ही बाजूंना गडगे, माडा-पोफळींची गर्द सावली आणि शिंपण्याच्या पाण्याचा वास. मुक्कामाच्या घरी आजींनी पाय धुवायला कढत पाणी दिलं आणि रात्री कुळथाचं पिठलं-भात. त्यांनी विचारलं, “दोघीच? चालत? नवस होता काय?” नवस नाही म्हटल्यावर त्या जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “मला पण आवडलं असतं.”

तिसरा दिवस, तृतीया. ओहोटी सव्वाआठला, अर्धा तास सोडला तर पावणेआठला. बेत असा होता की पहाटे पाचला निघायचं, पुळण संपली की उटंबरचा डोंगर चढून उतरायचा आणि आठ-साडेआठच्या आत आड्याच्या खाडीच्या मुखाशी पोचायचं. एका ओळखीच्या माणसाने सांगितलं होतं की पूर्ण ओहोटीला ते मुख मांडीभर पाण्यातून ओलांडता येतं. मग पलीकडे पाडळे आणि आंजर्ल्यापर्यंत सरळ वाळू.

डोंगरावर वाट चुकली. अंधारात एका ढोरवाटेने करवंदीच्या जाळीत शिरलो, परत फिरलो, पुन्हा शिरलो. उजाडल्यावर कळलं की आपण समुद्राच्या उलट बाजूला उतरतोय. पुन्हा वर चढलो. नणंदेच्या टाचेला फोड आला होता, तो फुटला. खाडीच्या मुखाशी पोचलो तेव्हा घड्याळात अकरा वाजायला आले होते.

समोर पलीकडचा काठ दिसत होता. हाकेच्या अंतरावर. पाणी शांत, हिरवट, सकाळच्या उन्हात तळाची वाळू दिसावी इतकं स्वच्छ. उथळच वाटत होतं. नणंदेने चपला काढून हातात घेतल्या. माझ्याही मनात आलं की पाच मिनिटांचं काम आहे. पाय घसटत चालायचं म्हणजे वाळूत नांगीच्या शेपटीचा पाकट मासा असला तर दचकून निघून जातो, वाळूवर जिथे बारीक लाटांचे वळ दिसतात तिथून जायचं, हे सगळं मला येत होतं. पलीकडे वाळू तयार होती आणि रस्त्याने पुलावरून जायचं म्हणजे त्या भर उन्हात आत वळसा.

मी काठी पाण्याच्या कडेला रोवली आणि गूळ-शेंगदाणे खात बसलो. दहा मिनिटांत काठीच्या बुडाशी वीतभर पाणी चढलं. तळाची वाळू दिसत होती, पण त्या वाळूवरून पाणी आत धावत होतं. एक सुकं पान बघता बघता खाडीत शिरून वळणाआड गेलं.

“तृतीया आहे,” मी म्हटलं.

नणंदेने काही न बोलता चपला खाली ठेवल्या आणि पायात घातल्या. तिलाही साडेअकराचा कुलाबा आठवला होता, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आम्ही वळसा घेतला. तासाभराने पुलावर उभं राहून पाहिलं तर ते मुख काठोकाठ भरत आलं होतं आणि मघाशी आम्ही बसलो होतो ती जागा दिसत नव्हती. त्या वळशाने दमलो, उन्हाने डोकं दुखलं, आंजर्ल्याला पोचायला चार वाजले. सात दिवसांतला मला सगळ्यात आवडलेला दिवस कोणता असं कुणी विचारलं तर मी हाच सांगते.

दुसऱ्या दिवशी योगायोगाने संकष्टी. कड्यावरच्या गणपतीला पाखाडी चढून गेलो. उजव्या सोंडेचा गणपती, पहाटेची पूजा चाललेली, आणि वरून खाली समुद्रात सुवर्णदुर्ग. आदल्या दिवशीच्या थकव्यामुळे आम्ही त्या दिवशी फारसं चाललोच नाही. जोग नदीच्या खाडीवर आता पूल आहे. रेवस-रेडी सागरी महामार्ग पुरा झाला की उरलेल्या खाड्यांवरही पूल होतील आणि फेरीबोटी जातील. इथल्या लोकांची सोय होईल, हे खरंच आहे. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं असेल तर खाडीचा वळसा किती जीवघेणा असतो ते मी पाहिलंय. तरी बोटीत गाडीवाले, पाटीवाल्या, शाळेची पोरं एकत्र उभी असतात ते दृश्य जाईल, याचं मला वाईट वाटतं.

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघितला, संकष्टीचा उपास असूनही. संध्याकाळी बोटी लागल्या, बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी काठावर आणत होत्या आणि बायका आकडे ओरडत होत्या.

पाचवा दिवस दापोलीकडचं मुरूड, कर्दे, लाडघर. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. मुलगा असताना परीक्षेसाठी ते इथून पावसाळ्यात घाट चढून पायी साताऱ्याला गेले आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. आल्या वाटेने परत. ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा मला त्या परीक्षेचं वाईट वाटलं होतं. यावेळी मुरूडच्या वाळूवर फुटलेल्या टाचेने चालताना त्या परतीच्या चालण्याचा विचार येत राहिला.

मुरूड-कर्द्याची पुळण लांबच लांब आहे आणि तिथे एक वेगळंच दुखणं निघालं. किनाऱ्याला उतार असतो. दक्षिणेकडे चालताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे उजवा पाय कायम खाली आणि डावा कायम वर. दोन तासांनी डावा खुबा ठणकायला लागतो. यावर उपाय एकच सापडला, पाण्याच्या अगदी कडेने जिथे वाळू सपाट असते तिथून चालायचं आणि मधूनमधून वर सुरूच्या बनात शिरून सुयांच्या गालिच्यावर पाय मोकळे करायचे. अनवाणी चालावं की बूट घालावेत, यावर आमचं दोघींचं शेवटपर्यंत जमलं नाही. मी अनवाणी, पण खडक आला की बूट. कालवं चिकटलेल्या खडकावर अनवाणी जाऊ नये. त्या कडा पात्यासारख्या असतात आणि खाऱ्या पाण्यात जखम लवकर भरत नाही.

लाडघर ते दाभोळ हा टप्पा रुक्ष गेला. ओहोटी उन्हात सरकली होती, खडकांमुळे किनारा सोडावा लागला, डांबरी रस्त्याने कोळथरे आणि तिथून पुढे. दाभोळला चंडिकेच्या गुहेतल्या देवळात शिरलो तेव्हा तिथल्या अंधारात आणि गारव्यात अर्धा तास बसून राहिलो.

शेवटच्या दिवशी फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरलो. वेलदूरवरून गुहागरला पोचेपर्यंत दुपार कलली. व्याडेश्वराला हात जोडले आणि समोरच्या पुळणीवर आलो. सकाळीच षष्ठी संपून सप्तमी लागली होती, म्हणजे भांग. पाणी भरत आलं होतं, पण मवाळपणे, सुरूच्या बनाला न शिवता. घट्ट वाळू पाण्याखाली गेल्यामुळे वरच्या भुसभुशीत वाळूतून पाय ओढत शेवटचा तुकडा चाललो. मर्यादवेलीची जांभळी फुलं मिटायला लागली होती.

मी काठी शेवटच्या लाटेच्या रेषेवर रोवली आणि तांडेलकाकांना फोन लावला. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, कानाला कमी ऐकू येतं. पोचलो, पाय बरे आहेत, नणंदेची टाच सुकली, असं सगळं मी मोठ्याने सांगत होते. त्यांनी मध्येच थांबवलं.

“पाणी कुठं आहे?”

“काठीला लागतंय.”

“सप्तमी. आमच्याकडं सव्वापाच. तुमच्याकडं जरा आधी. बघ नीट.”

फोन कानाला लावून मी बघत राहिले. एक लाट काठीला लागली. दुसरी लागली. तिसरी हातभर अलीकडे थांबून मागे गेली. चौथी तिच्याही अलीकडे.

“फिरलं, काका.”

“फिरलं ना,” ते म्हणाले. “मग या आता घरी.”